लेकीचं नाव ठरेपर्यंत : पंचांग, आद्याक्षरं आणि जन्मदाखला

मुलीचा जन्मदाखला मिळाल्याचं मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं, तेव्हा दोघींनी लगेच फोन केला. दोघींनाही दिवस गेलेत आणि दोघींचा प्रश्न एकच होता : नाव ठरवताना तू तो अक्षरांचा तक्ता कसा केला होतास? त्यांना फोनवर जे सांगितलं ते जरा नीट, क्रमाने इथे लिहिते. नाव सुचवणाऱ्यांची कमी नसते. नाव कागदावर चढेपर्यंत काय काय बघावं लागतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

आधी आमची अक्षरं सांगते. पूर्ण नावं इथे लिहायची नाहीत असं आम्ही दोघांनी ठरवलंय आणि या विषयाला अक्षरं पुरतात. माझं नाव 'अ'ने सुरू होतं, नवऱ्याचं 'स'ने आणि आडनाव 'सो'ने. म्हणजे इंग्रजीत ए, एस आणि एस.

माहेरी माझी अक्षरं वेगळी होती. २०१९ मध्ये लग्न झालं, मधलं नाव आणि आडनाव बदललं, आणि अंबडला ज्या कंपनीत मी अकाउंट्समध्ये आहे तिथेही बदललेलं नाव कळवलं. तिथल्या हजेरीच्या सिस्टिममध्ये प्रत्येकाचं लॉगिन इंग्रजी आद्याक्षरांवरून तयार व्हायचं. माझं झालं ए-एस-एस आणि पुढे आकडा. इंग्रजीत तो शब्द गाढवासाठी आहे आणि त्याहून घाणेरड्या अर्थानेही वापरतात. एका ट्रेनिंगला बाहेरगावची माणसं आली होती. हजेरीची शीट पडद्यावर लागली, मागच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला आणि कुणीतरी ती ओळ मोठ्याने वाचली. मी खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत राहिले. ते लॉगिन बदलून घ्यायला अर्ज, साहेबांची सही, पुन्हा अर्ज असं करत अर्धं वर्ष गेलं. लोकांना ही गोष्ट क्षुल्लक वाटते. ज्याला रोज सकाळी आपल्याच बोटांनी ती अक्षरं टाइप करावी लागतात, त्याला वाटत नाही. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की मूल झालं तर त्याच्या नावाची अक्षरं मी आधी मांडून बघीन.

मार्च २०२४ मध्ये दिवस गेल्याचं कळलं. त्याच महिन्यात, ११ तारखेला, राज्य मंत्रिमंडळाने आईच्या नावाचा निर्णय घेतला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं. माझा दादा शाळेत शिक्षक आहे, त्याने फोन करून सांगितलं, "तुझ्या बाळाच्या नावात तू असणार बरं का." मला फार आनंद झाला. नऊ महिने पोटात वाढवायचं आणि नावात कुठेच नसायचं, हे मला कधी पटलं नव्हतं. मग फोन ठेवल्यावर वहीच्या मागच्या पानावर लिहून बघितलं. बाळाचं अक्षर, त्यानंतर ए, एस, एस. जे मला माझ्यापुरतं संपवायचं होतं ते आता बाळाच्या नावाची शेपटी होऊन येणार होतं.

आपल्या नावाची रचना बघा. वडिलांचं नाव आधीच ठरलेलं, आडनाव ठरलेलं, आता आईचंही ठरलेलं. आई-वडिलांच्या हातात एकच अक्षर उरतं. त्यामुळे ते एक अक्षर बाकीच्यांशेजारी कसं दिसतं, हे बघणं म्हणजे नखरे नव्हेत.

श्रावणात माहेरी होते तेव्हा बसून तक्ता केला. एका बाजूला आवडलेली नावं, मुलाची आणि मुलीची दोन्ही. त्यापुढे मराठी आद्याक्षरं, मग इंग्रजीतली तीन अक्षरं, मग इंग्रजीतली चार. तीनचा रकाना ठेवायचं कारण असं की कितीतरी फॉर्मवर, बँकेत, क्लासच्या यादीत अजून नाव, मधलं नाव, आडनाव अशा तीनच चौकटी असतात. तिथे मुलाची अक्षरं तीनच पडणार. तुम्ही तक्ता केलात तर दोन्ही रकाने ठेवा. एकात गोड दिसणारं नाव दुसऱ्यात अडकतं.

मराठीचा रकाना वेगळा लागतो, कारण मराठीत आपण पहिलं अक्षर काना-मात्रेसकट घेतो. पु. ल., शं. ना., वि. वा. हे आपण असंच लिहितो. आमचे आप्पा, म्हणजे सासरे, जुने नाशिककर. त्यांनी तक्ता बघून सांगितलं की आपल्या तात्यासाहेबांचं, कुसुमाग्रजांचं, जन्माचं नाव गजानन रंगनाथ शिरवाडकर. दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन झाले. ग. रं. ची वि. वा. अशी अक्षरं झाली आणि सगळ्या महाराष्ट्राने तीच डोक्यावर घेतली. आप्पांचं म्हणणं, अक्षरांना मोठेपण माणूस देतो. ते खरंच आहे. पण मोठेपण मिळेपर्यंत शाळेची दहा-बारा वर्षं काढायची असतात आणि मागच्या बाकावरची पोरं कुणालाच सोडत नाहीत.

तक्त्यात काय काय निघालं ते सांगते. 'अ' आणि 'आ'ची नावं सगळ्यात जास्त होती, आजकाल असतातच. मराठीत 'आ. स.' म्हणजे आस, किती छान. इंग्रजीत मात्र तीच तीन अक्षरं, माझ्या लॉगिनची. ती सगळी नावं मी एका रेघेत खोडली. 'र' घेतला की आर. एस. एस. मुलाची ओळख होण्याआधीच लोक त्याच्या घराचं राजकारण ठरवणार, कुणी कौतुकाने तर कुणी रागाने. 'न' घेतला की एन. एस. एस., कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना. त्यात वाईट काही नाही, पण मराठीत 'न. स.' होतं. 'ता'चं 'ता. स.'. 'इरा' हे नाव मला फार आवडलं होतं, त्याचं 'इ. स.' होत होतं. पुढे साल लिहायचंच बाकी. 'प' घेतला की चार अक्षरांत पास. जाऊबाई म्हणाल्या, "हे तर चांगलंय की!" मला ते चांगलं वाटेना. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नाही.

शेवटी मुलाची चार आणि मुलीची सहा नावं उरली. बाकी जन्मवेळेवर सोडलं, कारण आमच्याकडे नावरास बघतात.

मुलगी झाली १५ नोव्हेंबर २०२४ ला, शुक्रवारी, रात्री साडेअकराच्या सुमारास, गंगापूर रोडवरच्या एका रुग्णालयात. त्रिपुरी पौर्णिमा होती. भरणी संपून कृत्तिका लागली होती. पौर्णिमा आणि कृत्तिका यांचा योग असला की बायका कार्तिकस्वामींचं दर्शन घेतात आणि पंचवटीतल्या कार्तिकस्वामींच्या मंदिरात त्या दिवशी बायकांची मोठी रांग लागते. सासूबाईंचं शेजारणींबरोबर जायचं ठरलं होतं. त्या रांगेऐवजी लेबर रूमच्या बाहेर बसून राहिल्या. बाळाला बघून म्हणाल्या, "दर्शनाची वेळ होती तीच हिची वेळ." मग त्यांनी 'कार्तिकी' नाव काढलं. चांगलं होतं, अक्षरंही निर्धोक होती, पण थोरल्या जाऊबाईंच्या लेकीचं नाव तेच आहे. विषय तिथेच मिटला.

बाळाच्या मनगटावर रुग्णालयाने पट्टी बांधली होती. तिच्यावर 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव. लसीकरणाच्या कार्डावरही तसंच. जन्मानंतरच्या बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बीच्या नोंदी त्याच नावाने झाल्या. तीन दिवस माझं बाळ फक्त माझ्या नावाने ओळखलं जात होतं. ती पट्टी मी जपून ठेवली आहे.

सोमवारी, १८ तारखेला, डिस्चार्ज. त्या गडबडीत एक फॉर्म पुढे येतो तो शांतपणे भरा. रुग्णालयात जन्म झाला असेल तर नोंदीची माहिती रुग्णालयच पाठवतं, २१ दिवसांच्या आत. त्यासाठी आई-वडिलांची नावं, पत्ता, आधार क्रमांक लागतात. इथे माझं नाव आधारवर जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगने लिहिलंय ना हे मी स्वतः बघितलं, कारण नवरा बिलाच्या खिडकीवर होता आणि फॉर्म भावाने भरला होता. लग्नाआधीचं नाव एका कागदावर आणि लग्नानंतरचं दुसऱ्यावर असं असेल, तर ते बाळंतपणाच्या आधी मिटवून घ्या. नंतर बाळाच्या दाखल्यात आईचं नाव मधोमध येतं आणि तो घोळ त्याच्याही कागदांवर जातो.

बाळाच्या नावाची जागा आम्ही कोरी सोडली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आत्ताच लिहून टाका ना, परत खेप नको." तिचं म्हणणं चांगल्यासाठीच होतं. पण नाव न लिहिताही जन्माची नोंद होते आणि पुढे बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क चढवता येतं. त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत येतं, विलंब शुल्क भरून. घाईने लिहिलेलं नाव बदलणं मात्र फार जिकिरीचं. लिहिण्यातली चूक दुरुस्त होते, मन बदललं म्हणून नाव सहज बदलत नाही. ज्यांचं नाव ठरलेलं नाही त्यांनी त्या काउंटरवर दडपण घेऊ नये.

दुसऱ्या दिवशी पाचवी. आईने पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं, सटवाई रात्री येऊन नशीब लिहिते म्हणून. २० तारखेला विधानसभेचं मतदान, घरातले सगळे मतदानाला गेले आणि मी पहिल्यांदा बाळाबरोबर घरी एकटी राहिले. तिला वेगवेगळ्या नावांनी हाका मारून बघितल्या. झोपली होती, तिला काही फरक पडत नव्हता. मला पडत होता. तक्त्यावर आवडलेली दोन नावं तोंडातून नीट निघेनात.

गुरुजींनी पत्रिका बघून सांगितलं : कृत्तिकेचं पहिलं चरण, मेष रास, अक्षर 'अ'.

मला रडू यायचं बाकी राहिलं. साऱ्या वर्णमालेतून जे एक अक्षर आधी खोडलं होतं तेच आलं. आप्पांनी गुरुजींना पुन्हा फोन लावला. गुरुजी म्हणाले, चरणाचं अक्षर 'अ', पण मेषेला पंचांगात अ, ल, ई अशी अक्षरं देतात, त्यातलं कुठलंही घ्या. आणि नक्षत्राचं नाव वेगळं व व्यवहाराचं वेगळं, ही तर जुनीच पद्धत आहे. नामकरणाच्या विधीत देवतेचं, मासाचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं अशी चार नावं असतात. नक्षत्राचं नाव 'अ'वरून ठेवा, ते पत्रिकेत राहील. व्यवहाराचं तुम्हाला हवं ते ठेवा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर चार रात्रींची झोप वाचली असती. राशीचं अक्षर अडचणीचं आलं म्हणून हवालदिल झालेलं कुणी हे वाचत असेल, तर आपल्या गुरुजींना एवढं जरूर विचारा.

२३ नोव्हेंबरला, शनिवारी, निकाल होते. टीव्ही लागलेला, घर माणसांनी भरलेलं, चहावर चहा. मी आतल्या खोलीत होते, दार उघडं होतं. धाकट्या दिरांच्या हातात माझा तक्ता आला. ते मोठ्याने वाचू लागले. 'ई' घेतली तर? आय, ए, एस, एस. क्षणभर थांबले आणि ओरडलेच, "अहो वहिनी, आयएएस! पोरगी नावातच कलेक्टर आहे!" बाहेर एकदम कल्ला झाला. कुणी म्हणालं 'ईशा' ठेवा, कुणी 'ईश्वरी', कुणी म्हणालं आता चर्चा बंद. आप्पांनीही मान हलवली. त्यांच्या पिढीत आमच्या घरातलं पहिलं माणूस सरकारी नोकरीत लागलं तेव्हा गावात पेढे वाटले होते. त्यांच्यासाठी त्या तीन अक्षरांचं वजन काय आहे ते मला कळतं.

पण माझ्या मांडीवर आठवा-नववा दिवस असलेलं बाळ होतं. माझ्या माहेरच्या गल्लीतला एक मुलगा सहा वर्षं पुण्यात खोली घेऊन त्या परीक्षेचा अभ्यास करत होता. परत आला तेव्हा लोकांनी त्याला एवढंच विचारलं, "मग, झालं का?" अजूनही तो त्या गल्लीतून दुपारचा जात नाही. माझ्या मुलीला ते व्हायचं असेल तर होईल, आम्ही पोटाला चिमटा काढून शिकवू. तिला चित्रं काढायची असतील तर काढेल. पण प्रत्येक ओळखपत्रावर, प्रत्येक वहीवर, तिने न दिलेल्या परीक्षेचा निकाल आधीच छापलेला नको. जाऊबाईंच्या 'पास'ला मी का नाही म्हटलं होतं, तेही मला त्या वेळी उमगलं. अक्षरांनी शिवी देऊ नये हे तर झालंच. त्यांनी बाळाच्या डोक्यावर अपेक्षाही ठेवू नये. नावाच्या अक्षरांनी गप्प बसावं.

हे मी नवऱ्याला सांगितलं. त्याने बाहेर जाऊन सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं की 'ई' नको. दीर थोडे खट्टू झाले. आप्पा काही बोलले नाहीत. संध्याकाळी आत आले, बाळाच्या पायाला हात लावला आणि विचारलं, "मग 'ल' बघायचा का?"

त्याच दिवसांत नात्यातल्या एका आत्यांनी दुसरा उपाय काढला : "चार अक्षरांत अडचण तुझ्याच अक्षराची आहे ना? मग आईचं नाव नका घालू, पूर्वीसारखंच ठेवा." आणि वर, "लग्नात पहिलं नावही बदललं असतंस तर हे झालंच नसतं." मी उत्तर दिलं नाही, सासूबाईंनी दिलं. म्हणाल्या, "शासनाने घातलंय ते तुम्ही कशाला काढता? आणि शासनाने नसतं घातलं तरी तिचं नाव राहिलं असतं." लग्नात सासूबाईंचं स्वतःचं पहिलं नाव बदललेलं आहे. माहेरच्या नावाने त्यांना हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही.

'ल'ची नावं जमवली. लतिका सगळ्यांना आवडलं, पण मराठीत 'ल. स.' होतं, आणि घरात रोज लसीकरणाच्या कार्डाची बात चाललेली. लेखा छान होतं, पण मी काम करते त्या विभागाला सरकारी मराठीत लेखा म्हणतात, ते मला नको होतं. लावण्या, लोपामुद्रा ही नावं सुंदर, पण लांब. चार भागांचं नाव आधीच लांबलचक होतं. फॉर्मवर एकेका अक्षराला एकेक चौकट असते आणि शेवटी आडनाव चौकटींच्या बाहेर जातं. म्हणून पहिलं नाव आखूड, जोडाक्षराशिवाय हवं असं आम्ही दोघांनी ठरवलं. आखूड नावांतलं लीला नवऱ्याने काढलं. दोन अक्षरं, मराठीत 'ली. स.', इंग्रजीत तीन अक्षरांची एल. एस. एस., कशाचीच नाहीत. चार अक्षरांचं लास होतं. भाचीने शब्दकोश बघितला : इंग्रजीत पोरीसाठीचा एक जुना, साधा शब्द. कुणी हसणार नाही, कुणी काही मागणार नाही.

शेवटची तीन अक्षरं तशीच राहिली आहेत, माझी. आता ती तिच्या अक्षराच्या मागे उभी आहेत, तेवढं मला चालतं.

बारसं बाराव्या दिवशी धरलं तर २६ नोव्हेंबर येत होता. त्या दिवशी एकादशी, जेवणावळ कशी घालणार? पुढचा रविवार अमावास्येचा. मग ८ डिसेंबरचा रविवार धरला. घरातच केलं. ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने गुरुजींनी चारही नावं लिहिली. नक्षत्राचं नाव 'अ'वरूनच आहे, ते घरातच ठेवलंय. पाळण्याखालून-वरून 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' झालं, नणंदेने कानात नाव सांगितलं, कुर्र झालं, पाठीत धपाटे बसले, घुगऱ्या वाटल्या. पंचवीस-तीस माणसांचं जेवण, आत्याची साडी, गुरुजींची दक्षिणा धरून सतरा-अठरा हजार झाले. हॉल घेतला असता तर खर्च कुठच्या कुठे गेला असता.

आता दाखला. एक गोष्ट लक्षात ठेवा : नोंद जन्माच्या ठिकाणी होते, राहत्या ठिकाणी नाही. आम्ही राहतो सिडकोत, रुग्णालय गंगापूर रोडला. नाशिक महापालिकेचे सहा विभाग आहेत : पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक म्हणजेच सिडको, आणि सातपूर. नवरा सवयीने घराजवळच्या कार्यालयात निघाला होता, दादाने फोनवर अडवलं. आधी रुग्णालयात विचारा की नोंद कुठल्या कार्यालयात पाठवली, आणि नोंदणी क्रमांक मागून घ्या. तो हातात असला की खिडकीवरचं काम सोपं होतं.

निवडणुकीमुळे कर्मचारी बाहेर असतील म्हणून आम्ही नोव्हेंबरात गेलोच नाही. डिसेंबरच्या मध्यात नवरा गेला. नाव चढवण्याचा अर्ज, त्यावर दोघांच्या सह्या, दोघांच्या आधारच्या झेरॉक्स, रुग्णालयाचा कागद, एवढं लागलं. माझी सही घरून नेली होती. मूळ आधार कार्डंही बरोबर ठेवा, बघायला मागतात. नाव मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे लिहायचं असतं, कारण दाखला दोन्ही भाषांत छापून येतो. इथे इंग्रजी स्पेलिंग कायमचं ठरतं, ते घरूनच ठरवून जा. लीलासाठी आम्ही एलनंतर डबल ई घेतली. एकच आय लिहिली तर लोक 'लिला' वाचतात. पुढे माझं नाव, त्याचं नाव, आडनाव, आधारप्रमाणे अक्षर न् अक्षर.

खिडकीवरच्या बाईंनी छापायच्या आधी मसुदा दाखवला आणि म्हणाल्या, "इथे उभं राहून वाचू नका. बाकावर बसा, बोट ठेवून वाचा, मग सही करा." हा सल्ला मी सगळ्यांना देते. नवऱ्याने फोटो काढून मला पाठवला, मी घरून वाचला, दादाने शाळेतून वाचला. माझ्या नावात इंग्रजीतलं एक अक्षर राहिलं होतं, ते तिथल्या तिथे घातलं गेलं. डिसेंबर संपता संपता दाखला मिळाला. पहिल्या प्रतीचे पैसे पडत नाहीत, जादा प्रतींचे पडतात. आम्ही चार जादा घेतल्या. रिक्षा, झेरॉक्स सगळं धरून पाचशेच्या आत काम झालं.

या दाखल्याला आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायदा लागू झाला आणि तेव्हापासून जन्मलेल्यांना शाळा प्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, आधार या सगळ्याला जन्माचा पुरावा म्हणून हाच कागद लागतो. पॅनच्या आणि पासपोर्टच्या अर्जावर तर आद्याक्षरं चालतच नाहीत, पूर्ण नाव फोडून लिहावं लागतं. म्हणजे पूर्ण नावही चारही भागांसकट एकदा मोठ्याने वाचून बघा. आमच्या यादीतली दोन नावं अशी वाचली तेव्हाच गळली होती.

सव्वा महिना झाल्यावर, जानेवारीत, मी पहिल्यांदा बाहेर पडले. माहेरून चांदीची वाटी आणि चमचा आला होता, साडेपाच हजारांच्या घरातला. त्यावर नाव घालायचं मुद्दाम दाखला येईपर्यंत थांबवलं होतं. सराफ बाजारातून पुढे भांडी बाजारात गेलो. नाव घालणारे काका ओट्यावर बसलेले, डोळ्याला भिंग. वाटी उलटी करून फडक्याने पुसली, मला विचारलं, "पूर्ण नाव का अक्षरं?" मी दाखल्याची झेरॉक्स पुढे केली. त्यांनी ती चष्मा वर करून वाचली, मग आईच्या नावावर बोट ठेवलं. "हे नवीन पद्धतीचं. आता असली नावं यायला लागलीत. पूर्वी भांड्यावर बाईचं नाव असायचं ते 'सौ.' लावून." वाटीच्या काठाखाली पेन्सिलीने चार अक्षरं आखली : ली. अ. स. सो. मग सुई लावली. बारीक ठिपक्याला ठिपका जोडत 'ली' उठली, वेलांटी काठाला जेमतेम चिकटली. 'अ' घालताना थांबले, फुंकर मारून चांदीची पूड उडवली, वाटी उजेडाकडे धरून मला दाखवली. "सरळ आलंय ना, बघून घ्या. पुन्हा पुसता येत नाही." सरळ आलं होतं. अक्षरामागे दहा रुपये घेतले आणि टिंबांचे काही घेतले नाहीत.

फेब्रुवारीत बाल आधार काढलं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो. आई किंवा वडिलांपैकी एकाचं आधार आणि ठसा लागतो, शिवाय जन्मदाखला. नोंदणी मोफत आहे. पोस्टातल्या केंद्रावर गेलो होतो. सकाळी लवकर आणि बाळाचं पोट भरून जा, फोटोसाठी डोळे उघडे लागतात आणि झोपलेल्या बाळाला तिथे उठवणं जिवावर येतं. नाव दाखल्यावरून जसंच्या तसं घेतलं, तरी पोचपावतीवर दोन्ही भाषांतलं नाव तिथेच वाचून घ्या. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे देऊन ते अद्ययावत करावं लागतं.

निळं आधार कार्ड पोस्टाने आलं. दाखला, आधार, लसीकरण कार्ड या सगळ्यांच्या प्रती एका फाइलमध्ये लावल्या आणि लसीकरण कार्डावर 'बेबी ऑफ'च्या खाली लीलाचं नाव पुढच्या लशीच्या वेळी डॉक्टरांकडून लिहून घेतलं. ते बरेच जण विसरतात, मग शाळेत दाखवताना दोन नावांचा खुलासा करत बसावं लागतं. तक्ता कुणाला हवा असेल तर कळवा, कोरा करून पाठवते.